अर्जातून आम्हीच वगळलेला तक्ता

आपण लिहिले आहे की निपाणीत तयार केलेल्या मालवाहू इलेक्ट्रिक रिक्षाच्या बॅटरी-तापमान नियंत्रण यंत्रणेच्या पेटंट अर्जावर प्रथम परीक्षण अहवाल आला आहे. त्यात दोन चिनी आणि एक जपानी पेटंट पुढे करून इन्व्हेंटिव्ह स्टेप (जाणकाराला सहज न सुचणारे नवे पाऊल) नाकारली आहे, पेटंट कायद्याच्या कलम ३(एफ) (ज्ञात साधनांची निव्वळ मांडणी) आणि ३(के) (गणिती रीत किंवा निव्वळ संगणक प्रोग्रॅम) यांचे आक्षेप घेतले आहेत, आणि पंप व व्हॉल्व्ह नेमके केव्हा आणि किती चालवायचे हे वर्णनातून कळत नाही असेही म्हटले आहे. आपला प्रश्न असा की चाचण्यांचे आकडे आणि नियंत्रणाचा तक्ता आता उत्तरासोबत जोडून स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातील शोधाच्या लेखी वर्णनात) घालता येईल का. हा शेवटचा आक्षेप आमच्या अहवालातही जवळपास याच अर्थाचा होता, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

प्रथम हे स्पष्ट करतो की मी वकील नाही, पेटंट एजंटही नाही. बेळगावच्या उद्यमबागेत आमचे छोटे वर्कशॉप आहे आणि एका अर्जाच्या निमित्ताने जे शिकलो तेवढेच सांगू शकतो. अर्ज कसा भरावा, फॉर्म १८ (परीक्षणाची विनंती) म्हणजे काय, अहवालाला सहा महिन्यांच्या आत उत्तर द्यावे लागते वगैरे गोष्टी आपल्याला ठाऊक असणारच. आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे : आकडे युक्तिवादाला पुरावा म्हणून देता येतात, पण मूळ वर्णनात नसलेली गोष्ट वर्णनात किंवा दाव्यांत (नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणाऱ्या वाक्यांत) नव्याने घालता येत नाही. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती ही दाव्याचा काही भाग सोडून देणे, चूक सुधारणे किंवा खुलासा करणे एवढ्यापुरतीच असते, आणि ती मूळ दाव्यांच्या कक्षेबाहेर जाऊ शकत नाही. हे वाक्य मला २०१९ साली कोणी बजावून सांगितले असते, तर पुढची पाच वर्षे वेगळी गेली असती.

आमची यंत्रणा साधी होती. बॅटरी-पॅकखाली दोन कोल्ड प्लेट (आतून शीतक वाहणाऱ्या पाट्या), पाणी-ग्लायकॉलचे एक वर्तुळ, एक पंप, आणि शीतकाच्या प्रवाहाची दिशा उलटी करणारा चार-मार्गी व्हॉल्व्ह. चिकोडी-अथणीकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, आणि विशेषतः भरलेली गाडी तवंदी घाट चढत असताना, शीतक ज्या बाजूने आत येई तिथले सेल थंड राहात आणि बाहेर पडण्याच्या बाजूचे तापत. लिथियम-आयन सेल साधारण १५ ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये खुशीत असतात, आणि एकाच पॅकमधील सेलांत ५ अंशांपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही हा या धंद्यातील सर्वसाधारण दंडक आहे, कारण जास्त तापणारे सेल आधी म्हातारे होतात आणि संपूर्ण पॅक त्यांच्या वयाने चालतो. प्रवाह उलटा करण्याची कल्पना जगाला नवीन नव्हती, हे आम्हालाही माहीत होते. आमचे खरे काम त्या उलटण्याच्या वेळेत होते. दोन टोकांतील फरक ४ अंशांवर गेला की दिशा बदलायची, तो दीड अंशावर येईपर्यंत पुन्हा बदलायची नाही, बदलण्यापूर्वी पंप आठ सेकंद मंद करायचा, आणि बॅटरीतून ओढला जाणारा विद्युतप्रवाह वेगाने वाढू लागला तर तापमान वाढण्याची वाट न पाहता पंप आधीच सुरू करायचा. या आकड्यांचा बारा ओळींचा एक तक्ता होता. त्या तक्त्याशिवाय व्हॉल्व्ह सतत इकडून तिकडे फडफडत राही आणि पंपच जास्त वीज खाई.

हा तक्ता आम्ही अर्जात दिला नाही. विसरलो म्हणून नव्हे, मुद्दाम दिला नाही.

यामागे जी मनोवृत्ती होती ती आपल्याकडच्या कोणत्याही वर्कशॉपमालकाला समजेल. इथे एका पार्टीचे ड्रॉईंग दुसऱ्याच्या टेबलावर उघडे राहिले तर आठवड्याभरात तोच कास्टिंग तिसऱ्या फाउंड्रीत ओतला जातो. त्यामुळे ‘सगळे लिहून दिले तर उद्या कोणीही करील, थोडे हातचे राखा’ हा सल्ला आम्हाला शहाणपणाचा वाटला. तो सल्ला आमचा अर्ज हाताळणाऱ्या सल्लागार कार्यालयाने दिला होता आणि आम्ही मान डोलावली होती, म्हणून दोष निम्मा आमचाही आहे. मात्र ज्यांचा हा व्यवसायच आहे त्यांना कलम १०(४) माहीत नसावे हे मला आजही पटत नाही. शोध कसा राबवायचा हे पूर्णपणे सांगणे आणि अर्जदाराला ठाऊक असलेली सर्वोत्तम पद्धत उघड करणे ही त्या कलमाची अट आहे. पेटंट हा सौदाच असा आहे की आपण सगळे उघड करायचे आणि त्याच्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची मक्तेदारी घ्यायची. हातचे राखायचे असेल तर पेटंट घेऊ नये, गुपित म्हणून जपावे. दोन्ही दगडांवर पाय ठेवला की काय होते ते आम्ही अनुभवले.

तात्पुरते स्पेसिफिकेशन (तारीख राखण्यासाठी आधी दिलेले प्राथमिक वर्णन) २०१९ मध्ये दाखल झाले आणि बारा महिन्यांच्या आत पूर्ण स्पेसिफिकेशन. त्या बारा महिन्यांत आमच्याकडे दोन उन्हाळ्यांचे आकडे जमले होते आणि ते सगळे पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये सहज बसले असते. प्रत्यक्षात सल्लागार कार्यालयाने आमच्या चार पानांची चौदा पाने केली, पण वाढलेल्या पानांत एकच मजकूर शब्द फिरवून लिहिला होता. मुख्य दावा असा होता : ‘कंट्रोलर सेलांचे तापमान इष्टतम मर्यादेत राहील अशा रीतीने व्हॉल्व्ह व पंप नियंत्रित करतो.’ आज हे वाक्य वाचताना मला लाज वाटते. हा परिणाम झाला, तो परिणाम घडवण्याची रीत कुठेच नाही. बॅटरी थंड करणारी प्रत्येक गाडी हेच करते.

अहवाल २०२२ मध्ये आला. परीक्षकाने दाखवलेल्या जुन्या पेटंटांत प्रवाह उलटणे होते, सेन्सर होते, पंप होता, आणि आमच्या वर्णनात वेगळे असे काहीच सापडत नव्हते, तेव्हा त्याने दुसरे काय लिहावे? आम्ही धावत तक्ता घेऊन गेलो. तेच सल्लागार कार्यालय आता शांतपणे म्हणाले की हे तर नवीन विषयवस्तू जोडणे होईल. मग अर्ज विभागून दुसरा करावा असे सुचले, पण विभाजित अर्जातही मूळ अर्जात उघड केलेलेच मागता येते. सुधारणा म्हणून अतिरिक्त पेटंट घ्यावे असे सुचले, तेव्हा सर्वांत मोठी गंमत लक्षात आली. जो तक्ता आम्ही पेटंट कार्यालयापासून लपवला होता, तोच आम्ही २०२१ पासून फिटर मंडळींसाठी छापलेल्या दुरुस्ती-पुस्तिकेत, मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांत, बारा ओळींसकट दिला होता. संकेश्वरपासून खानापूरपर्यंतच्या गॅरेजांत ती पुस्तिका पडली होती. स्वतःच प्रसिद्ध केलेली गोष्ट नवीन म्हणून मागण्याचा मार्ग तिथेच संपला.

सुनावणी व्हिडिओवर झाली. पेटंट कार्यालयाचे नियंत्रक (निर्णय देणारे अधिकारी) सौजन्याने बोलले, मुद्देसूद प्रश्न विचारले, त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. सुनावणीनंतर लेखी निवेदनासाठी पंधरा दिवस मिळतात. त्यात आम्ही नियंत्रणाचे सर्व दावे सोडून दिले आणि कोल्ड प्लेटच्या जोडणीचा एक अरुंद दावा पदरात पाडून घेतला. पेटंट २०२४ मध्ये मिळाले. भिंतीवर प्रमाणपत्र आहे, आणि ज्याला आमची रीत वापरायची आहे तो खुशाल वापरतो.

आता आपल्या अहवालाविषयी. ३(एफ) पाहून घाबरू नये. परस्परांपासून स्वतंत्रपणे आणि ज्ञात रीतीने काम करणाऱ्या ज्ञात साधनांची निव्वळ मांडणी असेल तरच ते कलम लागते. आपला व्हॉल्व्ह पंपाच्या वेगावर आणि पंप सेलांतील फरकावर अवलंबून असेल, आणि हे परस्परावलंबन मूळ वर्णनात एका वाक्यात जरी असेल, तरी त्या वाक्याचे पान व ओळ देऊन उत्तर लिहावे. ३(के) बद्दल माझे मत थोडे ठाम आहे : दावा ‘पद्धती’वर किंवा गणितावर न ठेवता सेन्सर, व्हॉल्व्ह आणि शीतकाच्या वाटेवर बांधावा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ च्या फेरिद अल्लानी प्रकरणात तांत्रिक परिणाम दाखवणाऱ्या संगणकीय शोधांना केवळ संगणक प्रोग्रॅम म्हणून नाकारता येत नाही अशी दिशा दिली आहे, त्याचा आधार घेता येतो. चाचण्यांचे आकडे इथे कामास येतील. वर्णनात जो परिणाम सांगितला आहे तो खरोखर मिळतो हे दाखवण्यासाठी ते जोडावेत, दाव्यात घुसवण्यासाठी नव्हे.

चिनी आणि जपानी कागद पूर्ण वाचल्याशिवाय उत्तराला हात लावू नये. एस्पासनेट आणि पेटंटस्कोप या पेटंट शोधण्याच्या दोन्ही संकेतस्थळांवर यांत्रिक भाषांतर फुकट मिळते. भाषांतर ओबडधोबड असते, म्हणून आधी आकृत्या पाहाव्यात आणि शीतकाची वाट बोटाने गिरवावी. आमच्या बाबतीत दाखवलेल्या तिनांपैकी एका पेटंटात दिशा बदलणारा व्हॉल्व्ह बॅटरीसाठी नव्हताच, तो केबिनच्या हीटरसाठी होता, आणि हे मला सुनावणीच्या आदल्या रात्री कळले. शोध घेताना बॅटरीच्या तापमानासाठी एच ०१ एम १०/६० आणि वाहनातील नियंत्रणासाठी बी ६० एल ५८/२४ या पेटंट-वर्गीकरणातील वर्गांतून जावे. नुसत्या शब्दांनी शोधल्यास अर्धे हाती लागत नाही.

दोन जोडसूचना. सीमेवरच्या आपल्या लोकांचा एक गोंधळ नेहमी होतो : घर चंदगडला आणि वर्कशॉप बेळगावला असेल, तर महाराष्ट्रासाठी मुंबई आणि कर्नाटकासाठी चेन्नई असे पेटंट कार्यालय बदलते, आणि एकदा ठरलेले कार्यालय सहसा बदलून मिळत नाही. आमच्या भागीदाराने हे न विचारता पत्ता घातला होता. दुसरे, एआयएस-१५६ या वाहन-बॅटरीच्या मानकाची सुरक्षा चाचणी पास झाली आहे हे परीक्षकाला सांगून काहीही साधत नाही. आम्ही तो अहवाल मोठ्या अभिमानाने जोडला होता. यंत्रणा सुरक्षित आहे आणि यंत्रणा नवीन आहे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपला अर्ज कोणी एजंट हाताळत असला, तरी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक घालून स्थिती स्वतः पाहात जावी. आमचा अहवाल त्या सल्लागार कार्यालयाच्या मेलमध्ये सात आठवडे न उघडता पडला होता, आणि त्याबद्दल आम्हाला मिळालेले उत्तर ‘सर, सिस्टीम स्लो आहे’ एवढेच होते. मुदतवाढ लागणार असेल तर सहा महिने संपण्याची वाट न पाहता आधीच अर्ज द्यावा, हे तारखा मोजून ठरवावे.

आता एक काम करावे. आपल्या मूळ पूर्ण स्पेसिफिकेशनची पीडीएफ उघडून ‘फरक’, ‘मर्यादा’, ‘अंश’, ‘सेकंद’ या अर्थाचे इंग्रजी शब्द कुठे आले आहेत ते शोधावे, आकृत्यांतील फ्लोचार्टच्या चौकटीही पाहाव्यात, कारण आकृतीत असलेली गोष्ट वर्णनात नसली तरी ती उघड केलेली धरता येते असा युक्तिवाद होऊ शकतो. तात्पुरते स्पेसिफिकेशन दाखल केले असेल तर तेही तपासावे. एखादा आकडा, एखादी अट, अगदी कंसातले एखादे उदाहरण सापडले, तर ते कोणत्या पानावर आहे ते इथे लिहावे. त्यावरून दावा कितपत उभा राहील याचा अंदाज मी आणि माझ्यापेक्षा जाणकार असलेले इतर सदस्य देऊ शकतील. आणि दुरुस्ती-पुस्तिका अजून छापली नसेल, तर कृपया छापखान्याला आजच फोन करून थांबवावी.