सातबाऱ्याला नाव लावू की नको?

प्रश्न : ताई, आम्ही शिरोळ तालुक्यातले. माझं वय २२, बीएस्सी झालंय, आम्ही दोघी बहिणीच. पप्पा म्हणतायत आता सातबाऱ्याला तुमची नावं लावून घेऊया. जमीन अडीच एकर, त्यातली दीड एकर क्षारपड, उन्हाळ्यात पांढरीफटक दिसते, ऊस लावला तर गुडघ्याच्या वर येत नाही. आजोबा सांगायचे इथं शाळू आणि भुईमूग यायचा, मग नदीवरून पाइपलाइन आली, ऊस आला, नुसतं पाणी आणि युरिया, आणि आता ते मीठ आमच्या नावावर करणार. पंचगंगेचं पाणी असलं घाण, २०१९ ला घरात पूर, २०२१ ला परत. परवा जेवताना मी बोलून गेले की तुम्ही मजा केली आणि आम्ही भोगायचं, तर पप्पा ताटावरून उठून गेले. आई तेव्हापासून गप्प आहे. माझा राग चुकीचा आहे का? आणि असली जमीन घ्यायची तरी कशाला?

उत्तर : राग चुकीचा नाही गं. २२ व्या वर्षी पांढरं रान नावावर येणार म्हटल्यावर राग नाही येणार तर काय येणार, आणि "जाऊदे, मोठ्यांना असं बोलू नये" हे मी तुला सांगणार नाही.

पण "मजा केली" हे मात्र मला पटलं नाही. भुईमूग बाजारात नेला की व्यापारी म्हणेल तो भाव, आणि ऊस म्हणजे कारखाना तोडून नेणार, किमान दर सरकार ठरवणार, त्या जोरावर सोसायटीचं कर्जही मिळणार. घराचा स्लॅब, घरातली लग्नकार्यं, तुझी बीएस्सी यातलं बरंचसं त्याच उसावर झालं असेल बघ. पाणीपट्टी एकरावर, मोजून कुणी घेतच नाही, मग कमी पाणी देणाऱ्याला मिळणार काय? लाइट रात्री येणार, मोटर चालू करायची आणि येऊन झोपायचं, सकाळपर्यंत रान तुडुंब. आपली काळी माती, पाणी धरून ठेवते, खाली जाऊ देत नाही. जमिनीतलं पाणी हळूहळू वर चढतं, उन्हाने वाफ होऊन उडून जातं आणि क्षार तेवढे वर राहतात. हे एका वर्षात दिसत नाही, १५-२० वर्षांनी दिसतं, तोवर आजोबांचे दिवस संपलेले असतात.

आता राग कुणावर काढायचा ते सांगते. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांतच बारामतीकडच्या जमिनी खारावायला लागल्या. क्लॉड इंग्लिस नावाचा ब्रिटिश इंजिनिअर १९२० च्या दशकात दख्खनच्या कालव्यांवर निचऱ्याचंच काम करत होता. म्हणजे काळ्या रानात भरमसाट पाणी दिलं आणि निचरा केला नाही तर काय होतं हे सरकार दरबारी तुझ्या आजोबांच्या जन्माआधीपासून माहीत होतं! तरी पाण्याच्या योजना मंजूर होत गेल्या आणि निचऱ्याचा खर्च कुणी धरला नाही. माझा राग तिथे आहे, आणि तो जेवणाच्या ताटावर काढून काही उपयोग नाही.

जमिनीचं म्हणशील तर नाव लावून घे. नाव लावलं म्हणजे गावात राहून ऊसच लावायचा असं कुठे आहे, पुण्यात नोकरी केलीस तरी चालेल, पण निर्णय घ्यायच्या जागी तुझं नाव पाहिजे. मुलींनी "आम्हाला कशाला ते खारट रान" म्हणून हक्कसोड सही करून दिली आणि पुढे तेच रान सुधारलं की मग चुटपुट लागते.

आणि सुधारतं बरं का. तुमच्याच तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीत सच्छिद्र पाइप पुरलेत, साधारण चार-पाच फूट खोल, त्यातून खारट पाणी निघून जातं आणि पडीक रानात परत पिकं आलीत. फक्त एकट्याने जमत नाही, कारण तुझ्या रानातलं पाणी खालच्या शेतातून ओढ्यापर्यंत न्यायला लागतं, आणि खालचा नाही म्हणाला की संपलं. (ते खारट पाणी शेवटी नदीतच जातं, हाही प्रश्न आहेच, पण तो आज नको.)

दुकानदार जमीन सुधारायला म्हणून जिप्समची पोती गळ्यात मारेल, आधी माती तपासून घे. क्षारता (रिपोर्टमध्ये EC) ४ च्या वर आणि सामू (pH) ८.५ च्या आत असेल तर ती क्षारयुक्त, तिथे नुसत्या जिप्समने काही होत नाही, निचराच लागतो. सामू ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त असेल तर ती चोपण, तिथे जिप्समचा उपयोग, पण निचरा केल्यावरच. नमुना पावसाआधी काढ, वरची माती, एक फुटाची, दोन फुटाची, तीन फुटाची, सगळ्या वेगवेगळ्या पिशवीत. बीएस्सी आहेस, रिपोर्ट तुलाच वाचता येईल.

पप्पांशी बोलायला माफीच कशाला पाहिजे, रानात घेऊन जा आणि विचार की पांढरं पहिल्यांदा कुठल्या कोपऱ्यात दिसलं, कुठल्या साली, तेव्हा शेजारच्या रानात काय होतं आणि जुना ओघळ कुठून जायचा, तो कुणी बुजवला. पाइपचा नकाशा करणारा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो, आणि हे तुमच्या घरात फक्त त्यांनाच सांगता येईल.