‘परत आला तर त्या कागदाचं काय करायचं?’

२०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. दहा हजार तरुण जाणार, अशी बातमी गावोगाव पोचली आणि छत्रपती संभाजीनगरच्या माझ्या समुपदेशन केंद्रात एक वाक्य वरचेवर ऐकू येऊ लागलं. माणसं वेगळी, गावं वेगळी, कधी वैजापूर, कधी जालना, कधी सिडको. वाक्य मात्र तेच. “मॅडम, तिकडं शिकून परत आला, तर त्या कागदाला इथं कोण विचारणार?”

सुरुवातीला मी भरभरून माहिती द्यायचे. लोक शांतपणे ऐकायचे, मान डोलवायचे आणि उठताना दारात पुन्हा तेच विचारायचे. उत्तर देऊनही तोच प्रश्न फिरून आला की मी आता वही मिटते. ऐकायचं राहिलेलं काहीतरी असतं.

ओंकारचं घर त्यातलंच. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वडील वाळूज एमआयडीसीत फिटर, सव्वीस वर्षं एकाच कारखान्यात. आई घरी शिलाईकाम करते. ओंकारची बारावी झालेली, मग आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, दोन वर्षांचा. त्यानंतर दीड वर्ष जर्मनचा क्लास. तिकडं जायला लागणाऱ्या बी-वन (भाषेची मधली पातळी) परीक्षेचे चार भाग असतात आणि प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात. वाचन, श्रवण, लेखन पोराने पहिल्या झटक्यात काढलं. बोलण्यात एकदा ५२, एकदा ४९.

“याला बोलता करा,” वडील म्हणाले. “लिहितो बरोबर, बोलायला गेलं की दातखीळ बसते.”

ओंकार खाली बघत बसला होता. पहिल्या भेटीतल्या पन्नास मिनिटांत तो चार वेळा ‘हो’ म्हणाला. पाचवं ‘हो’ मी चहा विचारला तेव्हा.

बाकी वेळ वडील बोलले. एका एजंटाने ‘पॅकेज’ दिलं होतं साडेचार लाखांचं. त्यासाठी गावाकडची पाऊण एकर विकायची बोलणी झालेली. मी विचारलं, “कंपनीचं करारपत्र हातात आलंय?” नव्हतं आलं. मग हे साडेचार लाख कशाचे? वडिलांनी ओंकारकडे पाहिलं, ओंकारने फरशीकडे.

इथे जरा थांबून सांगते, कारण पैसे बहुतेक इथेच बुडतात. जर्मनीतलं आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत घ्यायचं व्यवसायशिक्षण, हे कॉलेज नाही. आधी कंपनीशी शिकाऊ म्हणून करार होतो, मग व्हिसा. आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत काम, एक-दोन दिवस व्यवसायशाळा, असं दोन ते साडेतीन वर्षं चालतं. या काळात कंपनी तुम्हाला पैसे देते. २०२५ साली करार सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी कायद्याने किमान ६८२ युरो महिना ठरलेले होते, बऱ्याच कंपन्या जास्त देतात. कंपनी आणि सरकारी व्यवसायशाळा अशा या दुहेरी पद्धतीत शिकण्याची फी नसते. तेव्हा कुणी ‘कोर्स फी’ म्हणून आकडा सांगितला तर तो आकडा कागदावर फोडून मागा. भाषेचा क्लास, परीक्षा, व्हिसा, तिकीट एवढं समजू शकते. त्यापलीकडचं काय? आणि ‘तीन महिन्यांत बी-वन’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. पाऊण तासाचा एक असे साडेतीनशे ते साडेसहाशे तास लागतात, असा ही परीक्षा घेणाऱ्या गोएथे संस्थेचाच अंदाज आहे.

दुसऱ्या भेटीत वडील तयारी करून आले होते.

“मॅडम, याने दोन वर्षं आयटीआय केलं. तरी तिकडं पहिल्यापासून साडेतीन वर्षं मेकॅट्रॉनिक्स. म्हणजे आपला कागद तिकडं शून्य. आणि तिकडचा कागद इकडं आणला की तोही शून्य. मग मधली वर्षं गेली कुठं?”

इतकं नेमकं मला कुणी विचारलं नव्हतं. युरोपातले शिक्षणमंत्री याच प्रश्नावर वीसेक वर्षं बसलेत. २००२ साली कोपनहेगनला त्यांनी ठरवलं की एका देशात हाताने शिकलेलं दुसऱ्या देशात धरलं गेलं पाहिजे. २००८ साली कुणाचं शिक्षण कुठल्या पातळीचं हे मोजायला सगळ्यांसाठी आठ पायऱ्यांची एक शिडी केली. जर्मनीच्या कायद्यात तर शिकाऊ कालावधीचा चौथा हिस्सा परदेशात काढायची मुभा आहे आणि तो काळ शिक्षणातच मोजतात. २०३० पर्यंत व्यवसायशिक्षण घेणाऱ्यांपैकी १२ टक्के मुलांनी दुसऱ्या देशात जाऊन शिकून यावं, असं २०२४च्या मे महिन्यात युरोपीय संघाने ठरवलंय. आपल्याकडेही २०१३ पासून कौशल्यांची राष्ट्रीय शिडी आहे. पण त्यांची पायरी आणि आपली पायरी आपोआप जुळत नाही, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

“पण शून्य नाही,” मी म्हटलं. आधीचं शिक्षण दाखवून कंपनीच्या संमतीने मुदत कमी करायचा अर्ज करता येतो. शिकाऊ म्हणून न जाता थेट कामाला जायचं असेल तर आयटीआयची तुलना करून अर्धी-पूर्ण मान्यता देणारी यंत्रणा आहे. परत येताना कुठले कागद आणायचे, हे तर जाण्याआधीच पाठ हवं. अंतिम परीक्षा तुमचा मालक घेत नाही, उद्योग मंडळ घेतं. परीक्षक मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात, शिवाय व्यवसायशाळेचा शिक्षक. त्या कागदाचा दबदबा आहे तो त्यामुळेच. प्रमाणपत्राबरोबर इंग्रजी भाषांतर मागता येतं, कायद्यातच सोय आहे, पण मागावं लागतं. कंपनीकडून कामाचा लेखी दाखला हा शिकाऊ मुलाचा हक्क आहे. आणि एक वही असते. शिकाऊ मुलाने काय काम केलं ते तिच्यात नियमित लिहायचं आणि शिकवणाऱ्याने त्याखाली सही करायची. ती नीट ठेवली नाही तर परीक्षेलाच बसू देत नाहीत.

वडिलांनी वहीबद्दल दोनदा विचारलं. मग म्हणाले, “मी सव्वीस वर्षं काम करतो. मला जे येतं त्यातलं एकही कुठल्या कागदावर नाही.” ते सहज बोलून गेले. मी मात्र ते कोपऱ्यात लिहून ठेवलं.

आणि उठताना दारात? “पण परत आला तर…”

तिसऱ्या भेटीला आईलाही बोलावलं. माझा कल हा असा आहे. बोलायला अडखळणाऱ्या मुलाची जीभ तपासण्याआधी मी त्याचं घर एका खोलीत बसवते. मुलगा एकटा गप्प नसतो, घरातलं काहीतरी त्याच्या तोंडून गप्प बसलेलं असतं. काही सहकारी याला माझा हट्ट म्हणतात. असेल.

वडील जमिनीच्या सौद्याचं सांगत होते, इसार पुढच्या आठवड्यात वगैरे. ओंकार अचानक उठला.

“तुमचं चालू द्या. जातो मी.”

आई चटकन, विचार न करता म्हणाली, “जातो म्हणू नाही बाबा. येतो म्हण.”

मी हात वर केला. एवढंच केलं. वडील बोलायचे थांबले. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजत होता, तो वाजून संपला.

“ताई, असं का म्हणायचं?” मी आईला विचारलं.

“जातो म्हणलं की माणूस परत येत नाही म्हणत्यात. सगळेच म्हणत्यात की तसं.”

“मग ओंकारला जर्मनीला पाठवताना घरात कुणी ‘येतो म्हण’ म्हणालं का?”

आईने पदर तोंडाला लावला. ओंकार उभाच होता. दाराच्या कडीवर हात, आणि पाठमोराच बोलायला लागला. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते सगळ्यात लांब वाक्य.

“तिथं पहिले चार महिने प्रोबेशन राहतं, मॅडम. नाही जमलं तर कंपनी काढू शकते, मी पण सोडू शकतो. पण मी कसा सोडू? वावर विकल्यावर कुठल्या तोंडानं येऊ इथं? पप्पा रोज म्हणतात परत आला तर, परत आला तर. मला परत यायचंच नाही असं ठरवून जावं लागणार आहे. मला तसं जाता येईना.”

त्या क्षणी मला ते ५२ आणि ४९ समजले. बोलण्याची परीक्षा पास झाली असती तर निघावं लागलं असतं, आणि ज्या दारातून परत येता येत नाही त्या दारातून तो निघायला तयार नव्हता. दोन वेळा त्याच्या जिभेने त्याला वाचवलं होतं. बापाचं ‘परत आला तर’ आणि लेकाचं ‘परत आलो तर’ एकाच घरात वर्षभर समोरासमोर बसून होतं. बाप कागदाची काळजी करत होता, पोरगा दाराची. हे मला दिसलं याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वीस वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात. आणि तो आणला होता एका शिलाई करणाऱ्या बाईने, सवयीच्या एका वाक्याने.

परदेशी शिक्षणाच्या चर्चेत आपण जाण्याबद्दलच फार बोलतो. व्हिसा, भाषा, पगार. मराठीत शब्द ‘ये-जा’ आहे, त्यात ‘ये’ आधी येतं. जर्मनीत सुतार, गवंडी अशा कारागिरांची एक जुनी रीत आहे. शिक्षण संपलं की तीन वर्षं आणि एक दिवस हिंडून काम करायचं, घराच्या पन्नास किलोमीटरच्या आत फिरकायचं नाही. काळी कॉर्डरॉयची विजार, हातात काठी. आजही काही पोरं-पोरी जातात. पण निघताना अट काय? अंगावर कर्ज नको. मी हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. आपल्याकडे उलटं. कारागिराचं बलुतं गावात, म्हणून माणूस गावात. बाहेर पडला तो तुटून पडला. ती भीती अजून आपल्या हाडात आहे आणि कर्ज काढून आपण तिला व्याज लावतो.

मग मी त्यांना एक काम दिलं. एका फुलस्केपवर तिघांनी मिळून लिहायचं, चार महिन्यांत परत आला तर काय, साडेतीन वर्षांनी आला तर काय, तिथेच राहिला तर काय. पहिला मुद्दा लिहायला वडिलांनी साफ नकार दिला. “अपशकुन कशाला?” दोन भेटी त्यातच गेल्या. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘चार महिन्यांत आला तर रेल्वे स्टेशनवर घ्यायला मी जाईन. कुणी विचारलं तर मी उत्तर देईन.’ खाली तिघांच्या सह्या. त्याच वेळी मी नियमही सांगितला. मुलाची चूक नसताना जागा गेली, तर दुसरी जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळू शकते. हा नियम पहिल्या दिवशी सांगितला असता तर कुणाच्या डोक्यात शिरला नसता.

पाऊण एकर राहिली. एजंट सुटला. ओंकारने जर्मन सरकारच्या संकेतस्थळांवरून कंपन्या शोधून स्वतः अर्ज केले, साठेक तरी. पाच उत्तरं, दोन मुलाखती, एक करार. बी-वनच्या तोंडी परीक्षेत पहिला भाग असतो जोडीदाराबरोबर मिळून काहीतरी ठरवण्याचा. “तो भाग आता सोपा गेला,” एवढंच तो म्हणाला. ७१ मिळाले.

प्रत्येक घरात हे असंच होतं असं नाही. काही मुलं सरळ उठून जातात, आणि काहींना मी जाऊ नका असंही सांगितलंय. भाषेत रस नसेल, नुसता आकडा बघून निघाला असेल, तर तिथला पहिला हिवाळा फार मोठा असतो. पण पालकांनो, कागद चालेल का हे विचारण्याआधी एकदा जेवताना पोराला सांगून बघा की चार महिन्यांत आलास तरी ताट वाढलेलं असेल. जाणारं पोर त्याने थांबत नाही, मी उलटंच पाहिलंय.

गेल्या महिन्यात वडील एकटेच आले, अपॉइंटमेंट न घेता. मोबाइलमध्ये फोटो होता, ओंकारच्या वहीच्या एका पानाचा. जर्मनमधल्या आठ ओळी, पॅनलच्या वायरिंगचं एक छोटं रेखाचित्र, खाली शिकवणाऱ्याची निळी सही. वडिलांनी तो दोन बोटांनी मोठा करून सहीवर आणला. “दर आठवड्याला पाठव म्हणलंय,” ते म्हणाले.

मग पिशवीतून त्यांनी दोनशे पानी लाँगबुक काढलं. पहिल्या पानावर तारीख, आणि खाली, ‘लाइन दोन. गिअरबॉक्स उघडला. बेअरिंग बदललं. शाफ्ट अलाइन केला.’ पाचेक पानं भरली होती.

“यावर सही कुणाची घ्यावी, मॅडम?”

मी म्हटलं, तुमच्या सुपरवायझरची घ्या की.

“तो परवाच लागलाय कामाला,” ते म्हणाले. “त्याला मीच शिकवतोय.”