चिपाडातला काळा माल: लिग्निनबद्दल तुमचे प्रश्न

लिग्निन नेमकं असतं कुठे? कधी पाहिल्याचं आठवत नाही. (बागकामाची हौस असलेल्या एक वाचक, पुणे)

पाहिलं नसेल, पण चावलं नक्की आहे. पेरूच्या गरात दाताखाली जी कचकच येते, ती लिग्निन भरून कडक झालेल्या पेशींची. नारळाची करवंटी टणक होते तीही त्याच्यामुळेच. लिग्निन म्हणजे वनस्पतींच्या पेशींच्या भिंतींना ताठपणा देणारा पदार्थ. कुडाची भिंत आठवा: कारव्या म्हणजे सेल्युलोज, त्या भिंतींमधले धागे, आणि वरचं लिंपण म्हणजे लिग्निन. सुक्या लाकडात त्याचा वाटा साधारण पाव हिस्सा असतो.

साखर कारखान्यात बगॅसचे, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडाचे, डोंगर लागतात. त्यातलं लिग्निन काढून विकलं, तर उसाला चार पैसे जास्त मिळतील? (ऊसउत्पादक, कोल्हापूर)

इतक्यात नाही, असंच मला वाटतं. बगॅसमध्ये सुक्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा लिग्निन असतं, हे खरं. पण ते बगॅस काही फुकट पडलेलं नाही. बॉयलरमध्ये जाळून त्याची वाफ आणि वीज होते. लिग्निन बाजूला काढलं, तर ती उष्णता दुसरीकडून आणावी लागेल.

खरी अडचण त्याच्या स्वभावात आहे. सेल्युलोज म्हणजे एकाच मण्याची सरळ माळ. लिग्निनमध्ये तीन प्रकारचे मुख्य मणी, तेही कसेही गुंतलेले. उसाचं वेगळं, निलगिरीचं वेगळं, आणि वेगळं काढताना वापरलेल्या रसायनांनी ते आणखी बदलतं. उद्योगाला रोज एकसारखा माल हवा असतो. म्हणून तर या क्षेत्रात जुना टोमणा आहे की लिग्निनपासून पैसा सोडून काहीही बनवता येतं. कागद गिरण्याही लगदा शिजवताना निघालेला लिग्निनयुक्त काळा द्राव बहुतांशी जाळूनच टाकतात. अपवाद आहेत: नॉर्वेतली बोरेगार्ड कंपनी १९६२ पासून स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लिग्निनपासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा मुख्य सुगंधी घटक, बनवते आहे.

माझी नजर दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल बनवणाऱ्या, प्रकल्पांवर आहे. पानिपतला २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर चालणारा असा प्रकल्प उभा राहिला. पेंढ्यातली साखर आंबवून झाल्यावर लिग्निनचा चोथा तिथे आपोआप मागे उरतो. वेगळं काढण्याची निम्मी झटापट वाचते.

नागपूरजवळ लिग्निनचा रस्ता झाला म्हणे. खरं का?

खरं, पण निव्वळ लिग्निनचा नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, मनसरजवळ, एका पट्ट्याचं उद्घाटन झालं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं जैव-डांबर तिथे वापरलंय. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचाही त्यात सहभाग आहे. नेहमीच्या डांबरातलं सुमारे १५ टक्के डांबर कमी करून त्या जागी लिग्निनवर आधारित डांबर घातलं जातं.

मला हा उपयोग मनापासून पटतो. लिग्निन काळपट आहे, एकसारखं नाही, वासही चांगला नाही. डांबराला यातल्या कशाचंच वावडं नाही! अर्थात टाळ्या मी विदर्भातले चार-पाच उन्हाळे-पावसाळे उलटल्यावरच वाजवीन.

बॅटरीत लिग्निन कशाला?

कार्बनसाठी. त्यात वजनाने जवळपास ६० टक्के कार्बन असतो. हवा न लागू देता हजार अंशांपलीकडे तापवलं की कठीण कार्बन उरतो आणि तो बॅटरीच्या ऋणाग्रासाठी (अ‍ॅनोडसाठी) चालतो. फिनलंड-स्वीडनच्या स्टोरा एन्सो या कंपनीने यावर बरंच काम केलं आहे.

झाडाचं आहे, म्हणजे यापासून केलेलं प्लास्टिक कुजणारच ना?

नाही. झाडातलं लिग्निनसुद्धा चटकन कुजत नाही. ते पुरतं फोडणं मुख्यतः काही बुरशांनाच जमतं. त्यात ते पॉलिप्रॉपिलीन या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये मिसळलं असेल, तर ते पॉलिप्रॉपिलीन जिथल्या तिथे राहणार. ‘वनस्पतीजन्य’ आणि ‘कुजणारं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिराती मुद्दाम त्यांची गल्लत करतात.

सातवीच्या मुलांना दाखवता येईल असं काही? (शिक्षिका, रत्नागिरी)

वर्तमानपत्राचा तुकडा आणि झेरॉक्सचा कोरा कागद शेजारी ठेवा. दोन्हींवर एकेक नाणं ठेवून ते उन्हात राहू द्या. वर्तमानपत्राच्या लगद्यात लिग्निन बरंच शिल्लक असतं, झेरॉक्सच्या कागदातून ते काढून टाकलेलं असतं. आठवड्याभराने नाणी उचला. वर्तमानपत्रावर फिकट गोल दिसेल आणि त्याच्याभोवती पिवळेपणा. पावसाळ्यात मात्र हा प्रयोग लावू नका, रत्नागिरीत तर नकोच.