पोशाख-शंका: पोलादी कड्यांचा परकर

या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न एकाच पोशाखाबद्दलचे आहेत: एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी बायकांचा तो प्रचंड फुगलेला घागरा. विचारणारे बरेचसे नाटकांचे कपडे शिवणारे आहेत, म्हणून इतिहास थोडा आणि शिवण जास्त.

प्रश्न : नाटक १८६० मधलं आहे. लग्नाच्या घागऱ्याखाली घालतात तो कॅनकॅन वापरला तर चालेल का? (सांगली)

नाटक १८४५ मधलं असतं तर चाललं असतं. तेव्हा घेर थरांवर उभा असायचा. एकावर एक खळ दिलेले परकर, त्यांत एखादा घोड्याच्या केसांच्या कापडाचा. ‘क्रिनोलिन’ हे नाव मुळात त्या कापडाचंच. उभा धागा लिननचा किंवा सुती आणि आडवा धागा घोड्याच्या केसांचा. कॅनकॅनची जाळी हेच काम नायलॉनने करते.

१८५६ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये पोलादी पिंजऱ्याची, म्हणजे कड्यांच्या परकराची, पेटंटं निघाली आणि थरांची गरज संपली. पाच-सहा परकरांचं ओझं जाऊन जेमतेम अर्धा-एक किलोचा पिंजरा आला. प्रेक्षकाला फरक दिसतो तो हालचालीत. कॅनकॅनचा घागरा पायांना चिकटून चालतो, पिंजऱ्यावरचा घंटेसारखा झुलतो. १८६० च्या बाईचं चालणं दाखवायचं असेल तर पिंजराच हवा.

प्रश्न : पिंजरा घरी बांधायचा आहे. मापं आणि सामान किती लागेल? (नाशिक)

आधी एक गैरसमज काढून टाकू. पिंजरा घागऱ्याच्या आतून शिवलेला नसतो आणि तो उभ्या काड्यांवरही उभा नसतो. तो कमरेच्या पट्ट्याला लटकतो. उभ्या जातात त्या मऊ सुती पट्ट्या, पोलाद फक्त आडव्या कड्यांत. मापं घेताना हे लक्षात ठेवलं की निम्म्या चुका टळतात.

कमर ७० सेंमी आणि कमरेपासून जमीन १०० सेंमी असलेल्या नटीसाठी सात कडी पुरतात. वरून खाली घेर असे: १३५, १७०, २०५, २३५, २५८, २७७ आणि २९० सेंमी. वाढ पाहा. वर एकदम ३५ सेंमीची, शेवटी फक्त १३. घंटेचा आकार या कमी होत जाणाऱ्या वाढीतून येतो. दर कड्याला सारखी वाढ दिली तर शंकू होतो, आणि स्वस्त पिंजऱ्यांची मुख्य खोड हीच असते.

पोलाद म्हणजे ६ मिमी रुंदीची, कापड चढवलेली स्प्रिंग स्टीलची चपटी पट्टी. १६ मीटर लागते, १७ आणा. खोक्यांना बांधतात ती पोलादी पट्टी फुकट मिळते म्हणून वापरू नका, ती वाकली की वाकलेलीच राहते. प्लॅस्टिकची नळी दिव्यांच्या उष्णतेत आणि घड्या घालून ठेवल्यावर अंडाकृती होते. वेत चालतो, पिंजऱ्याच्या आधी तोही वापरत. फक्त तो भिजवून वळवावा लागतो आणि दारात दबला तर तुटू शकतो.

उभ्या पट्ट्या आठ. अडीच सेंमी रुंदीची ट्विलची सुती पट्टी १६ मीटर घ्या, कारण प्रत्येक उभी पट्टी दुहेरी असते. एक-एक मीटरचे दोन तुकडे एकावर एक ठेवून शिवायचे आणि कडं जाईल तिथे एक सेंमीची खाच उघडी सोडायची. जुन्या पिंजऱ्यांतही काहींत पट्टी विणतानाच अशा खाचा ठेवत, काहींत धातूच्या छोट्या चापांनी कडी पक्की करत. कमरपट्टा ७५ सेंमी, म्हणजे पाच सेंमी हुकांसाठी.

खाचांच्या खुणा वरच्या टोकापासून करा: १८, ३०, ४२, ५४, ६६, ७८, ९० सेंमी. आधीच्या खाचेपासून १२-१२ मोजत गेलात तर दर खाचेला दोन मिमीची चूक सातव्या कड्यापर्यंत दीड सेंमीच्या आसपास जाते. तीही प्रत्येक पट्टीवर वेगळी, त्यामुळे खालचं कडं एका बाजूला उतरतं. आठही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी टाचून एकदम खुणा केल्या तर उत्तम.

पट्टी ९० सेंमी असली तरी खालचं कडं कमरेखाली ८२ सेंमीवरच येतं, कारण पट्टी उतारावरून जाते. जमिनीपासून १८ सेंमी मोकळे राहतात आणि ते लागतातच. त्याहून खाली कडं आणलं की बुटाचं टोक त्यात अडकतं.

प्रत्येक कड्यावर घेराचे आठ भाग पाडून खुणा करा. सर्वांत खाली त्या साधारण ३६ सेंमीवर येतील, सर्वांत वर १७ वर. वरची दोन कडी पुढच्या दोन पट्ट्यांपाशी तोडून समोर मोकळी सोडा. नाहीतर पिंजरा चढवणं अवघड जाईल, आणि पोटापाशी फुगवटा येईल तो वेगळाच. बाकीच्या कड्यांची टोकं पाच सेंमी एकमेकांवर घेऊन घट्ट दोऱ्याने गुंडाळा. जोडाची जागा ताठ होऊन थोडी सपाट पडते, म्हणून सगळे जोड एकाच ओळीत आणू नका. कापलेलं टोक कानशीने घासून त्यावर धातूची टोपी चढवा. हे टाळलं तर पहिल्याच प्रयोगात ते टोक कापडातून बाहेर डोकावेल.

टाके शेवटी. नटीला कॉर्सेट (कमर आवळणारी ताठ चोळी) आणि प्रयोगात घालायचे तेच बूट घालायला लावा. कमरपट्टा आणि सर्वांत खालचं कडं आधी बसवा, मोजपट्टीने जमिनीपासूनची उंची आठ ठिकाणी मोजा, मग मधली कडी पक्की करा. कॉर्सेट नसेल तर पिंजऱ्याचा भार कमरपट्ट्याच्या एका रेषेवर येतो आणि दुसऱ्या अंकापर्यंत ती जागा दुखायला लागते.

प्रश्न : तयार मिळणारा तीन कड्यांचा परकर घेतला. घागऱ्यातून कड्यांच्या रेषा दिसतात आणि मधे कापड आत जातं. काय चुकलं? (बेळगाव)

चूक परकराची. तो गाऊनखाली घालण्यासाठी असतो. दोन कड्यांत २५-३० सेंमीचं अंतर आणि आकार शंकूचा. इतक्या अंतरात कापड झोळ पडणारच. नवा बांधायचा नसेल तर मधे दोन कडी वाढवा.

रेषांचा उपाय वेगळा. पिंजऱ्यावर थेट घागरा कधीच घालत नसत, मधे किमान एक साधा परकर असायचा. मांजरपाटाचा, घेर साडेतीन मीटर, खाली एक झालर. वरचा घागरा त्याहून घेरदार, चार मीटरपर्यंत. आणि तो पिंजरा तयार झाल्यावरच कापायचा. कमरेपासून जमीन सरळ १०० सेंमी असली तरी पिंजऱ्यावरून टेप सोडली की १०८ भरते. आधी कापलेला घागरा हमखास आखूड होतो.

प्रश्न : नटी बसली की समोरून सगळं वर उठतं. (पणजी)

ती कड्यावर बसते आहे. मागचं कडं खाली दाबलं गेलं की पुढचं वर येणार. बसण्याआधी हाताने मागची कडी किंचित उचलून खुर्चीच्या मागच्या बाजूला सरकवायची. पट्ट्या मऊ असल्याने कडी एकमेकांवर घडी होऊन बसतात. हात असलेली खुर्ची टाळा, खुर्चीच्या काठावर बसवा. तालमीत आठ दिवस रोज पिंजरा घालून बसण्या-उठण्याचा सराव हवा, रंगीत तालमीच्या दिवशी पहिल्यांदा घालून उपयोग नाही. पायांपर्यंत पोहोचणारी चड्डी मात्र द्याच. त्या काळच्या बायकाही ती याच भीतीने घालत.

दारांचं एवढं अवघड नाही. खालचा व्यास ९२ सेंमी भरतो, पण स्प्रिंग स्टील दोन्ही बाजूंनी दाबलं की लांबट होतं आणि ७५ सेंमीच्या दारातूनही जातं. एकाच बाजूने दाबू नये, दुसरी उचलली जाते.

प्रश्न : मोलकरणीच्या पात्रालाही पिंजरा द्यावा का? (पुणे)

द्यावा, लहान घेराचा. हा श्रीमंतांपुरता पोशाख राहिलाच नव्हता. थॉमसन कंपनीच्या लंडनच्या कारखान्यात भरात असताना दिवसाला चार हजारांपर्यंत पिंजरे निघत, ते काही फक्त उमरावांच्या घरी जात नव्हते. इंग्लंडमधल्या कोर्टोल्ड्स या कापड कंपनीला तर १८६० मध्ये कामगार बायकांना पिंजरे घरी ठेवून येण्याची सूचना द्यावी लागली. यंत्रांत अडकण्याचा धोका उघड होता.

दुसरा धोका आगीचा, आणि तो रंगमंचावर आजही तितकाच खरा आहे. घेर आपल्या पायांपासून अर्धा मीटर दूर असतो, त्यामुळे ज्योत लागलेली कळत नाही. शिवाय आत पोकळी असल्याने खालून हवा मिळत राहते. म्हणून प्रवेशात खरी मेणबत्ती असेल तर ती जमिनीवर किंवा बुटक्या टेबलावर नको, आणि वरचा घागरा नायलॉनच्या जाळीचा नको.

प्रश्न : हाच पिंजरा १८७५ च्या प्रवेशात चालेल? (ठाणे)

नाही. १८६४ नंतर पुढची बाजू सपाट होत गेली आणि घेर मागे सरकला. १८६० च्या दशकाच्या अखेरीस क्रिनोलेट आलं. त्यात कडी अर्धीच, फक्त मागे, आणि आतून नाड्या बांधून ती ओढून धरलेली. १८७५ पर्यंत घागरा पुढून अंगासरशी आला होता. तुमच्या पिंजऱ्याची वरची चार कडी काढून अर्धी करा, मागच्या चार पट्ट्यांवर बसवा आणि प्रत्येक कड्याची दोन टोकं आतून नाडीने जोडा. नाडी जितकी आवळाल तितका मागचा फुगवटा वाढेल. खालची तीन कडी पुढच्या नाटकासाठी ठेवा, गुंडाळून नव्हे, भिंतीवर खिळ्याला लटकवून.