जर्मनीत बाइकच्या हेडलाइटचं काम: दारव्ह्याच्या भावाला उत्तर

भाऊ, तू विचारलं की मेकॅनिकल करून चाकणला दिव्याच्या सप्लायरकडं 3 वर्षं कॅटियावर (पार्टचं 3डी डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) काम करून राहिलो, आता जर्मनीत बाइकच्या लाइटिंगमध्ये आपल्याला कोणी घेईल का, अन् बायकोचं कसं. मी दिग्रसकडचा, 8 वर्षं झाली इथं तेच काम करतो, म्हणून जरा लांबच लिहितो.

पहिले कागदाचं उरकतो. ब्लू कार्ड म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाला नोकरीवर इथं राहू देणारा परवाना, त्यासाठी इंजिनिअर तुटवड्याच्या यादीत आहेत, त्यांच्यासाठी 2025 ला वर्षाचा किमान पगार 43,759.80 युरो होता, दरवर्षी बदलते, तेव्हा अर्जाच्या वर्षाचा आकडा पाहा. कॉलेज अन् डिग्री अनाबिनच्या साइटवर शोध, परदेशी डिग्री जर्मनीत चालते का ते तिथं दिसते. ब्लू कार्डवर बी1 म्हणजे मधल्या पातळीची जर्मन असली की 21 महिन्यांनी पर्मनंटचा, म्हणजे कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज करता येते, नुसती ए1 म्हणजे अगदी सुरुवातीची असली तर 27. एजंटला पैसे देऊ नको बाप्पा, हे सगळं आपलं आपल्यालाच करता येते.

आता असली गोष्ट. इंटरव्ह्यूत "मी कॅटिया करतो" एवढंच सांगशील तर ते त्यांना पुण्यात स्वस्तात मिळते, तुला कायले आणतील? एक दिवा पूर्ण सांगता आला पाहिजे, रिफ्लेक्टर, उष्णता बाहेर काढणारा हीट सिंक, हवा खेळायचं भोक म्हणजे व्हेंट, मोल्डमधून पार्ट सुटायला ड्राफ्ट म्हणजे उतार किती ठेवला, व्हायब्रेशन टेस्टमध्ये कुठं तडकला. मला विचारलं होतं, कारच्या अन् बाइकच्या दिव्यात फरक काय. मी बाबांची जुनी गाडी सांगितली. तिचा हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या एसीवर, इंजिन मंद झालं की उजेडही मंद, म्हणजे शेताच्या पांदणीत खड्डे आले, गाडी हळू केली, की नेमका तिथंच अंधार, अन् समोर रोही उभा. बाबा अर्धा क्लच दाबून रेस करायचे, म्हणायचे "गाडी हळू केली का दिवा मरते". मग कागदावर वळण काढलं. बाइक झुकली की उजेडाची आडवी रेषाही झुकते अन् वळणाच्या आतली बाजू काळी पडते, कारमध्ये ही भानगडच नाही. म्हणून तर महागड्या बाइकला झुकण्याप्रमाणे पेटणारे कॉर्नरिंग लाइट असतात. नोकरी ह्या दोन गोष्टींवर लागली असं मला वाटते.

पण आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तोंडावर पडलो. मी डिझाइन केलेल्या एलईडी दिव्याच्या लेन्सवर आतून वाफ धरली अन् बाहेरून बर्फ चिकटला. हॅलोजनची उष्णता उजेडासोबत समोर लेन्सवर जाते, एलईडीची मागं हीट सिंकमध्ये, त्यामुळं लेन्स थंडगारच राहते, अन् प्लास्टिकनं आत धरलेला ओलावा दिवा तापला की सुटून तिथंच जाऊन बसते. आपल्याकडं 45 डिग्रीत एलईडीची चिप कशी वाचवायची हेच डोक्यात, हे कोण पाहते? व्हेंटची जागा बदलण्यात 2 महिने गेले, बॉस काही बोलला नाही पण चेहऱ्यावर दिसत होतं.

तेव्हा निघायच्या आधी तुमच्याकडचे रिजेक्ट झालेले दिवे फोडून पाहा, टेस्ट लॅबवाल्याशी दोस्ती कर, अन् युनोचे बाइकच्या दिव्यांचे नियम वाच, आर53 (दिवे कुठं, कसे बसवायचे) आणि आर149 (हेडलाइटचा उजेड कसा पाहिजे, जुना आर113 आता ह्यातच आला), फुकट मिळतात, बोअर आहेत पण वाच.

बायकोला ब्लू कार्डमुळं व्हिसासाठी जर्मनचं सर्टिफिकेट लागत नाही. तरी यवतमाळलाच क्लास लावून दे, नाहीतर इथं तिच्या दर डॉक्टरच्या वेळेला सुट्टी तुलाच काढावी लागते.