कॅबरनेतला हिरवट वास : पाने कधी काढावीत आणि कोणत्या बाजूची?

प्रश्न (दिंडोरी तालुका) : कॅबरने सॉव्हिनियॉन या लाल वाइनच्या द्राक्षाची बाग आहे, खुंट (कलमाखालचे मूळझाड) डॉगरिज. ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) २४ आले, तरी मालाला ढोबळी मिरचीसारखा वास असल्याचे वाइनरीने सांगितले. यंदा पाणी उतरल्यावर (मणी मऊ पडून रंग धरू लागल्यावर) घडाभोवतीची सगळी पाने काढली तर वास जाईल का?

उत्तर : नाही. तेव्हा उशीर झालेला असतो, शिवाय सनबर्नचे नुकसान पदरात पडते.

हा वास मेथॉक्सीपायरझिन गटातल्या द्रव्यांचा, मुख्यतः आयबीएमपीचा. लाल वाइनमध्ये लिटरला १५ नॅनोग्रॅमच्या आसपास असला तरी नाकाला कळतो. मणी सेट झाल्यापासून (फुलानंतर मणी धरल्यापासून) पाणी उतरायच्या सुमारापर्यंत तो मण्यात साठतो, पुढे आपोआप घटू लागतो. साठण्याच्या काळात घडाला ऊन मिळाले तर मुळात साठाच कमी होतो. नंतर ऊन देऊन फारसा फरक पडत नाही. साखर वाढण्याशी याचा थेट मेळ नाही, म्हणून रिफ्रॅक्टोमीटरच्या (साखर मोजायच्या उपकरणाच्या) आकड्यावर वासाचा अंदाज बांधू नये. तोडणीआधी मण्याची साल आणि बी वेगळे चावून पाहणे जास्त उपयोगी.

पाने काढायची ती मणी ज्वारीएवढे झाल्यापासून वाटाण्याएवढे होईपर्यंत. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर फक्त पूर्वेकडून, दर काडीला घडाच्या पातळीवरची दोन ते तीन पाने आणि तिथल्या बगलफुटी (पानांच्या बगलेतून येणाऱ्या फुटी) काढा. पश्चिमेकडच्या पानांना हात लावू नका. दुपारी तीनच्या उन्हात उघड्या मण्याचे तापमान हवेपेक्षा १० अंशांनीही जास्त जाते. लहानपणापासून ऊन खाल्लेल्या मण्याची साल उन्हापासून वाचवणारी फ्लेव्होनॉल नावाची द्रव्ये स्वतःच तयार करते. सावलीत वाढलेला घड एकदम उघडा पाडला की तपकिरी डाग पडतात आणि मणी सुकतात. ओळी पूर्व-पश्चिम असतील तर उत्तरेकडून काढा, कारण डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो.

काम झाल्यावर घडाच्या पातळीवर बारीक सळई आरपार घालून पाहा. सरासरी एक ते दीड पान लागले तर ठीक, तीन लागली तर दाटी आहे. मात्र घडाच्या वर काडीला १२ ते १५ पाने हवीतच, नाहीतर साखर अडेल.

डॉगरिजवर जोम मुळातच जास्त. सेटिंगनंतर नत्र आणि भरपूर पाणी चालू राहिले तर शेंडा थांबत नाही, सावली पुन्हा भरते आणि आयबीएमपी वाढतो. आमच्या मते अशा बागांत अर्धे दुखणे पानांचे नसून ठिबकचे असते.

प्रश्न : शिराझ या लाल वाइनच्या जातीलाही हेच करावे का?

उत्तर : हात आखडता ठेवा. शिराझचा काळ्या मिरीसारखा वास रोटुंडोन या द्रव्याचा. तो पाणी उतरल्यानंतर सालीत वाढतो आणि ऊन-उष्णतेने घटतो. सालीचा रंगही ३५ अंशांपुढे नीट धरत नाही. भुरी या बुरशीरोगाची फवारणी घडात पोचावी एवढ्यापुरती, घडाला चिकटलेली पूर्वेकडची एक-दोन पाने काढली की पुरे. ऊन चढल्यावर गंधक फवारू नका, मणी भाजतात.

सॉव्हिनियॉन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या जातीला थोडा हिरवटपणा वाइनरीलाच हवा असतो, म्हणून आधी त्यांना विचारून मगच पाने काढा. शेवटच्या टप्प्यात या जातीवर ताम्रयुक्त औषध टाळा. रसात उतरलेले तांबे तिला फळासारखा वास देणाऱ्या थायोल या गंधकयुक्त द्रव्यांना बांधून टाकते.