दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले अमेरिकन कथाकार-कवी मृत्यू आणि मागे उरणाऱ्या गोष्टींबद्दल काय म्हणतात? सुरुवात हेमिंग्वेपासून करू का?

हेमिंग्वेपासून नको. तो वाचाच, पण नंतर. आधी कॅथरीन ॲन पोर्टरची 'द जिल्टिंग ऑफ ग्रॅनी वेदरॉल' वाचा. १९२९ ची कथा, एका बैठकीत संपते, आणि या विषयावर त्या काळात जे लिहिलं गेलं त्यात मला तरी ती सगळ्यांत वरची वाटते.

ऐंशीला टेकलेली एलन वेदरॉल अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टरला ती शाळकरी पोरासारखं हाकलते. मुलगी कॉर्नेलिया दारात कुजबुजते, त्याचा तिला संताप येतो. साठ वर्षांपूर्वी जॉर्ज नावाचा तिचा नवरदेव लग्नाच्या दिवशी आलाच नव्हता. मग जॉनशी लग्न झालं, तोही लवकर गेला. तिने पोरं वाढवली, स्वतः खड्डे खणून शंभर एकरांना कुंपण घातलं. आणि माळ्यावर एक पेटी आहे. जॉर्जची पत्रं, जॉनची पत्रं, हिने त्या दोघांना लिहिलेली पत्रं. मुलांच्या हाती पडायच्या आत ती आवरायची आहे, उद्या. समीक्षक बहुतेक वेळा शेवटाबद्दल लिहितात: ती देवाकडे खूण मागते, खूण येत नाही, मग ती स्वतःच दिवा फुंकते. मला विचाराल तर कथेचा जीव त्या पेटीत आहे.

ही कथा मी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवली. नंतर ती आमच्या घरात घडली.

आईची एक लोखंडी ट्रंक होती, पलंगाखाली, कुलूप लावलेली. 'या मे महिन्यात आवरते' असं ती दरवर्षी म्हणायची. फेब्रुवारीत गेली. तेराव्याचं जेवण उरकलं, मंडळी सुपारी कातरत बसली होती, आणि दादाने ट्रंक बाहेर ओढून कुलूप तोडलं. वरच मावशीची आंतर्देशीय पत्रं होती, सुतळीने बांधलेली. "आईच्या आठवणी ऐकूया," म्हणत त्याने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागला. सुरुवातीला पाऊस, लोणचं, कुणाचं तरी बाळंतपण. मग एका पत्रात आलं की पाटल्या मोडल्या, पैसे मनीऑर्डरने पाठवते आहे, भावोजींना कळू देऊ नकोस, आणि धाकट्या दिरांकडे पुन्हा मागायला जाऊ नकोस, एकदा अपमान झाला तेवढा पुरे. धाकटे दीर म्हणजे आमचे काका. ते समोरच्याच खुर्चीत होते. काही न बोलता उठले, काकूंनी पिशवी उचलली, दोघं गेले. पुन्हा आमच्या घराची पायरी चढले नाहीत.

बाबा आयुष्यभर सांगायचे की हे घर त्यांनी एकट्याच्या पगारावर बांधलं. आई शेजारी बसून मान डोलवायची. काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, हे तिने ठरवलेलं होतं.

दादाचं म्हणणं, हा वारसा आहे, आईचा मोठेपणा जगाला कळला. त्याने पुढे सगळी पत्रं स्कॅन करून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की जी बाई ट्रंकेला कुलूप घालते तिला हा मोठेपणा नको असतो. गठ्ठा न सोडता जाळायला हवा होता. यावर त्याने मला अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन ऐकवली, इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला! 'लॅव्हिनियाने बहिणीची कपाटं उघडली नसती तर कविता मिळाल्या असत्या का?' त्याने अर्धंच वाचलं होतं. १८८६ मध्ये एमिली गेल्यावर लॅव्हिनियाने कविता ठेवल्या हे खरं, पण एमिलीला आलेली बहुतेक पत्रं जाळून टाकली, कारण तसं बहिणीला कबूल केलं होतं. या वादाचा तुमच्या काळाशीही संबंध आहे. घराण्यातल्या भांडणांमुळे डिकिन्सनच्या कविता तुकड्या-तुकड्यांनी बाहेर येत राहिल्या आणि १९२९ मध्ये भाचीने एक संग्रह काढला, त्याच्या उपशीर्षकातच लिहिलं की या कविता बहिणीने, म्हणजे लॅव्हिनियाने, छापू दिल्या नव्हत्या. पोर्टरची कथा आली त्याच साली.

आता तुमचा हेमिंग्वे. 'द स्नोज ऑफ किलिमांजारो', 'एस्क्वायर' मासिकात ऑगस्ट १९३६. आफ्रिकेत शिकारीला गेलेला हॅरी नावाचा लेखक काट्याच्या ओरखड्यातून झालेल्या गँगरीनने मरतो आहे, आणि राखून ठेवलेल्या, कधीच न लिहिलेल्या गोष्टी त्याच्या डोक्यातून जातात. ताकदीची कथा आहे, पण हॅरी बायकोच्या पैशावर जगून वर तिलाच दोष देतो, ते मला सहन होत नाही. त्याला न लिहिलेल्याचं दुःख, ग्रॅनीला लिहिलेल्याची धास्ती. दुसरी मला जवळची वाटते, यात आश्चर्य नाही. एक गंमत मात्र सांगायलाच हवी. मासिकातल्या पाठात हेमिंग्वेने 'बिचारा स्कॉट फिट्झजेरल्ड' असं नाव घेऊन लिहिलं होतं. फिट्झजेरल्ड हाही त्या काळचा कादंबरीकार; त्याने पत्र पाठवून सांगितलं, छापील मजकुरात माझा पिच्छा सोड. १९३८ च्या पुस्तकात तिथे 'ज्युलियन' आलं. तो जिवंत होता म्हणून आपलं नाव काढून घेऊ शकला. आईला ती सोय नव्हती.

कवितांचं थोडक्यात सांगते. वॉलेस स्टीव्हन्सची 'द एम्परर ऑफ आइस-क्रीम' (१९२२): स्वयंपाकघरात आइस्क्रीम घोटलं जातंय, आणि आतल्या खोलीत गेलेल्या बाईचं तोंड झाकायला तिनेच भरतकाम केलेली चादर काढायची आहे, तीन मुठी गळालेल्या कपाटातून. पाय उघडे राहिले तर राहू देत. वारसा म्हणजे एवढाच, आणि स्टीव्हन्स त्यावर अश्रू ढाळत नाही. फ्रॉस्टची 'इन अ डिसयूज्ड ग्रेव्हयार्ड' (१९२३) छोटी आणि खट्याळ आहे. त्यात जिवंत माणसं थडगी वाचायला येतात, मेलेलं कुणी येत नाही, आणि दगडांना प्रश्न पडतो की असं का. एडना मिलेची 'डर्ज विदाउट म्युझिक' (१९२८) सरळ सांगते की मला हे मान्य नाही. रॉबिन्सन जेफर्सने कॅलिफोर्नियात कार्मेलच्या किनाऱ्यावर गवंडीकाम शिकून समुद्रातल्या ग्रॅनाइटचा मनोरा स्वतः उभा केला, आणि त्याच सुमारास 'टू द स्टोन-कटर्स' (१९२४) मध्ये दगड फोडणाऱ्यांना सांगितलं की काळाशी तुमची लढाई आधीच हरलेली आहे. हरलेली आहे म्हणतो आणि दगड उचलतोच! ॲलन टेटची 'ओड टू द कॉन्फेडरेट डेड' (अमेरिकेच्या यादवी युद्धात मेलेल्या दक्षिणेच्या सैनिकांवरची) पहिल्या फेरीत सोडा, फार गुंतागुंतीची आहे.

हे सगळे असे का लिहीत होते? युद्ध हे कारण सगळेच देतात. १९१८ च्या फ्लूचं नाव कुणी घेत नाही, जरी त्याने युद्धापेक्षा कितीतरी जास्त अमेरिकन माणसं मारली. पोर्टर स्वतः डेन्व्हरमध्ये त्या फ्लूने मरता मरता वाचली, आणि त्यावर 'पेल हॉर्स, पेल रायडर' ही दीर्घकथा लिहायला तिला जवळजवळ वीस वर्षं लागली. ग्रॅनीच्या कथेनंतर ती वाचा.

हे मान्य करते की मी एका कथेवरून सगळा काळ तोलते आहे. लँग्स्टन ह्यूजसारख्या कृष्णवर्णीय कवींना तर मी इथे हातच लावला नाही. आणि पोर्टर आपल्या घराण्याविषयी इतकं रंगवून सांगायची की चरित्रकारांना ती उघडी पाडावीच लागली. तिची कागदपत्रं जळाली असती तर ते जमलं नसतं, हेही खरं. पण ती प्रसिद्ध लेखिका होती. आमची आई नव्हती.

दादाही इथे लिहितो. त्याने खाली टिप्पणी केलीच, तर लॅव्हिनियाबद्दल तो जे म्हणेल ते तपासून घ्या.